वाचकांचे प्रश्न : छापील अंक, मोजपट्टी आणि मॉडेल रेल्वे

मॉडेल रेल्वेच्या परदेशी मासिकांबद्दल बरीच पत्रं साठली होती. सारखे प्रश्न एकत्र करून सहा निवडले आहेत. मापं जिथे मिलिमीटरमध्ये लागतात तिथे तशी दिली आहेत, सुताराशी बोलायची तिथे इंचात.

प्रश्न : व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. मग अमेरिकेतून किंवा इंग्लंडहून छापील मासिक मागवण्यात हौसेपलीकडे काही अर्थ आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आहे, पण सगळ्या कामांसाठी नाही. डिकोडरचं (इंजिनातली डिजिटल आदेश वाचणारी छोटी चिप) प्रोग्रॅमिंग, इंजिनाचा आवाज, एअरब्रश किती अंतरावर धरायचा, या गोष्टी बघूनच कळतात. तिथे चार छापील फोटो अपुरे पडतात, खुशाल व्हिडिओ बघा. छापील अंकाची गरज लागते ती मापाच्या कामात.

स्क्रीनवरच्या चित्राला स्वतःचं असं माप नसतं, बोटांनी ताणलं की ते मोठं होतं. मासिकातलं डब्याचं रेखाचित्र मात्र ठरावीक प्रमाणात छापलेलं असतं आणि बाजूला तसं लिहिलेलंही असतं. एचओ या स्केलचं प्रमाण १:८७.१, म्हणजे प्रत्यक्षातल्या एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. म्हणजे चाळीस फुटी मालडबा कागदावर १४० मिलिमीटर भरायला हवा. डिव्हायडरची दोन टोकं चित्रातल्या दाराच्या दोन कडांवर टेकवायची, तशीच उचलून स्टायरीनच्या (मॉडेलसाठीचं पातळ प्लॅस्टिक) पत्र्यावर ठेवायची आणि खूण करायची. आकडेमोड शून्य. असं रेखाचित्र मिळालं की अंक वाचायची वस्तू राहत नाही, टेबलावरचं हत्यार होतो.

दुसरं, लेआउटवरच्या (फळीवर मांडलेली पूर्ण रेल्वे) लेखासोबत बहुधा एक छोटी चौकट असते. स्केल, खोलीचं माप, वळणाची सगळ्यात लहान त्रिज्या, सगळ्यात मोठा चढ, पॉइंटचा (एका रुळाचे दोन होतात ती जागा) क्रमांक, रुळाची उंची. नवखे लोक फोटो बघतात आणि चौकट सोडून देतात. खरं तर आधी तीच वाचावी. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर एचओमध्ये खालच्या रुळाच्या माथ्यापासून वरच्या फळीच्या तळापर्यंत साधारण तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर मोकळे लागतात. २ टक्के चढाने तेवढं चढायला ३.८ मीटर रूळ लागतो, ४ टक्क्यांनी १.९ मीटर. फळीची जाडी आणि चढाच्या दोन्ही टोकांचा गोलावा धरला की आकडा आणखी वाढतो. फोटोतला पूल तुमच्या दहा फुटी भिंतीवर बसेल की नाही, हे त्या चौकटीवरून दोन मिनिटांत कळतं.

मागवायचं कोणतं, हे जागेवर ठरवा. अमेरिकेतलं मॉडेल रेलरोडर जानेवारी १९३४ मध्ये मिलवॉकीत अल कॅल्मबाख यांनी सुरू केलं. रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन त्याच्या आधीच्या वर्षी निघालं, तेव्हा नाव होतं नुसतं मॉडेल क्राफ्ट्समन. दोन्हींचे मालक आता बदललेत. क्राफ्ट्समन २०१४ मध्ये व्हाइट रिव्हर प्रॉडक्शन्सकडे गेलं, तर मॉडेल रेलरोडर २०२४ मध्ये फायरक्राउनकडे. त्यामुळे जुन्या अंकातला वर्गणीचा पत्ता वापरू नका. अमेरिकन अंकांतले लेआउट बरेचदा घराच्या तळघरातले असतात. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीला ब्रिटिश रेल्वे मॉडेलर (१९४९ पासून, आता डेव्हनमधल्या बिअर गावातून, रूळ बनवणाऱ्या पेको कंपनीचं) जास्त जवळचं वाटेल. तिथल्या खोल्याही लहानच. त्याचे तेव्हाचे संपादक सी. जे. फ्रीझर यांनी १९५७ मध्ये छापलेला मिनोरीज हा शहरी टर्मिनसचा आराखडा चिंचोळ्या फळीवर बसतो आणि लोक आजही तो बांधतात. कपाटावरची जागा एवढीच मोकळी असेल तर सुरुवात तिथून करा.

प्रश्न : मासिकात एचओचं रेखाचित्र आहे, मला ओओमध्ये डबा करायचा आहे. झेरॉक्सवाल्याने मोठं करून दिलं, पण डबा लांबीत बरोबर आणि उंचीत चुकला. असं कसं झालं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : याला दोन कारणं असू शकतात आणि बहुधा दोन्ही एकदम घडलेली असतात. पहिलं, अंक काचेवर सपाट बसलेला नसतो. शिवणीजवळचा भाग वर उचललेला राहतो आणि त्या बाजूचं चित्र एका दिशेने आखडतं. दुसरं, मशीनमधून कागद सरकतो त्या दिशेचं आणि आडव्या दिशेचं प्रमाण काटेकोर सारखं नसतं. जुन्या मशीनवर हा फरक सहज दिसतो. वर ‘कागदावर बसवा’ हा पर्याय चालू राहिला असेल तर प्रत गुपचूप तीन-चार टक्के आखडते.

टक्केवारी काढायची रीत सोपी आहे : हातातल्या चित्राचा आकडा भागिले हव्या त्या स्केलचा आकडा. ओओ म्हणजे १:७६.२. ८७.१ भागिले ७६.२ म्हणजे ११४.३ टक्के. एचओवरून अमेरिकन एन, म्हणजे १:१६०, करायचं तर ५४.४ टक्के. ब्रिटिश एन १:१४८ असतं, त्याला ५८.९. उलट ओओवरून एचओला ८७.५. अमेरिकन ओ (१:४८) वरून एचओला ५५.१, आणि ब्रिटिश ओ (१:४३.५) वरून ओओला ५७.१. मशीन पूर्णांकच घेत असेल तर ११४ चालेल. २०० मिलिमीटरला अर्ध्या मिलिमीटरची चूक येते आणि डब्याच्या कामात ती खपते.

आता करायचं असं. प्रत काढण्याआधी चित्राच्या कडेला पेन्सिलीने बरोबर १०० मिलिमीटरच्या दोन रेघा मारा, एक आडवी, एक उभी. प्रत आली की दोन्ही मोजा. ओओसाठी दोन्ही ११४.३ भरायला हव्यात. एकच भरली तर दुकान बदला किंवा पान फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआयने घेऊन, ‘कागदावर बसवा’ बंद ठेवून ११४.३ टक्क्यांवर छापा. मोबाइलचा फोटो या कामाला घेऊ नका, भिंगामुळे कडा वाकतात. पिना मारलेल्या अंकाच्या पिना उघडून पान सुटं करता येतं. चिकट बांधणीचा अंक मात्र दाबून सपाट करायला गेलात तर पाठ तुटून पानं सुटतील. त्यापेक्षा चित्र दोन भागांत स्कॅन केलेलं बरं.

चित्राखाली ‘निम्म्या आकारात’ वगैरे टीप असेल तर वरच्या उत्तराला आणखी दोनने गुणायचं असतं. ती टीप बारीक अक्षरात असते, आणि अर्धे घोळ तिथेच होतात.

प्रश्न : आमच्या शेजारच्या आजोबांच्या तळघरात चाळीसेक वर्षांचे अंक पडून आहेत. घेऊन जा म्हणतात. पुण्यातल्या भाच्याला या छंदाचं वेड आहे. काय ठेवावं, काय टाकावं, आणि पाठवावं कसं? (एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : सगळे घेऊ नका. चाळीस वर्षांचे मासिक अंक म्हणजे ४८० प्रती. एका प्रतीचं वजन पाव किलोच्या आसपास धरलं तरी १२० किलो होतं.

चाळताना तीन ढीग करा. रेखाचित्रं, इमारतींचे नकाशे, ट्रॅक प्लॅन असलेले अंक ठेवा. यांचं वय होत नाही, १९५५ चा नकाशा आजही तितकाच खरा. लाकडी सांगाड्याचे आणि निसर्गदृश्याचे लेख दुसऱ्या ढिगात, निवडून घ्यायचे. बातम्या आणि त्या वेळच्या नव्या मालाचं परीक्षण सोडून द्या. इलेक्ट्रॉनिक्समध्ये डिजिटल नियंत्रणाचे नियम एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने १९९० च्या दशकात ठरवले. त्याआधीच्या ट्रान्झिस्टर थ्रॉटलच्या (गाडीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) सर्किटांना आता इतिहास म्हणूनच किंमत आहे. जाहिराती मात्र फाडू नका. एखादं किट कधी विकलं जात होतं आणि त्याचा क्रमांक काय, हे पुष्कळदा जाहिरातीतच सापडतं.

१९५०-६० च्या दशकातल्या लेखांबाबत भाच्याला एक गोष्ट बजावून सांगा. त्यात डोंगर बनवायला ॲस्बेस्टॉसची पूड आणि रूळ पुसायला कार्बन टेट्राक्लोराइड सर्रास सुचवलेलं आहे. पहिलं फुप्फुसाला घातक, दुसरं यकृताला. पुडीऐवजी कागदाचा लगदा आणि पीओपी, रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. तसंच फ्लोक्विल रंगांची नावं पानोपानी भेटतील. तो रंग २०१३ मध्ये बंद झाला, आता शोधत बसू नये. तामिया किंवा वालेहोचा जवळचा रंग घ्यावा आणि आधी टाकाऊ डब्यावर लावून बघावा.

पाठवण्याबाबत : अमेरिकेतल्या अमेरिकेत स्वस्त पडणारी ‘मीडिया मेल’ पुस्तकांना चालते, जाहिराती असलेल्या मासिकांना चालत नाही. पार्सल उघडून बघितलं तर जादा पैसे भरावे लागतात. भारतात न्यायला सोपा मार्ग म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगेत वर्षाला एक-दोन गठ्ठे. २३ किलोच्या बॅगेत दहा किलो अंक म्हणजे चाळीसेक प्रती होतात. गठ्ठ्याच्या वर-खाली पुठ्ठा घाला, दोरी थेट अंकावर आवळू नका, कडा कापल्या जातात. उरलेले अंक जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डला ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटीचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे किंवा जवळच्या क्लबला देऊन टाका.

प्रश्न : लेखातली सामानाची यादी घेऊन वखारीत गेलो. ‘वन बाय फोर’ची पट्टी, होमासोट, हायड्रोकल, १४ नंबर वायर. फक्त पट्टी मिळाली, आणि सांगाडा करताना स्क्रू पकडेनात. (एक वाचक, सांगली)

उत्तर : स्क्रू न पकडण्याचं कारण त्या पट्टीतच आहे. अमेरिकेत ‘वन बाय फोर’ हे नुसतं नाव. रंधा मारून झाल्यावर तिचं खरं माप पाऊण इंच बाय साडेतीन इंच. ‘वन बाय टू’ म्हणजे पाऊण बाय दीड. आपल्या वखारीत एक बाय चार मागितलं तर माणूस प्रामाणिकपणे पुरी एक इंच जाडी कापून देतो. एल-गर्डरच्या (उभी आणि आडवी पट्टी इंग्रजी एल आकारात जोडून केलेली तुळई) सांगाड्यात आडव्या पट्टीतून खालून वर स्क्रू घालून जॉइस्ट, म्हणजे वर आडवं टाकलेलं लाकूड, धरायचा असतो. सव्वा इंची स्क्रू पाऊण इंचातून गेला की जॉइस्टमध्ये अर्धा इंच शिरतो. एक इंचातून गेला तर जेमतेम पाव इंच. मग तो पकडेल कसा? सुताराला सांगा सहा सूत जाडी (आठ सूत म्हणजे एक इंच), उभी पट्टी साडेतीन इंच, आडवी दीड इंच. लाकूड कापून झालंच असेल तर स्क्रू पावणेदोन इंची घ्या.

पाय टोकाला लावू नका. गर्डरच्या लांबीचा पाचवा भाग दोन्हीकडे बाहेर ठेवा. आठ फुटी गर्डरला टोकापासून १९ इंच आत. टोकाला पाय ठेवले की मध्ये झोळ येतो आणि वर्षभरात पॉइंट अडकायला लागतात.

होमासोट म्हणजे कागदाच्या लगद्याचा दाट बोर्ड. आपल्याकडे त्याचा जवळचा भाऊ नोटीस बोर्डाचा सॉफ्टबोर्ड, पण तो विरळ असतो, रुळाची खिळी हलते आणि दमट हवेत फुगतो. त्यापेक्षा १२ मिलिमीटर बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय आणि वर ३ ते ५ मिलिमीटर कॉर्क. सॉफ्टबोर्डच वापरायचा असेल तर दोन्ही बाजू आणि चारही कडा आधी ऑइल पेंटने बंद करा, कडा विसरतात सगळे.

हायड्रोकल हे पीओपीपेक्षा कठीण जिप्सम. त्याऐवजी दातांच्या लॅबचं साहित्य विकणाऱ्याकडे डेंटल स्टोन मिळतो. १०० ग्रॅमला ३० मिलिलिटरच्या आसपास पाणी. साध्या पीओपीला ५० च्या आसपास लागतं. जास्त पाणी घातलं की खडक वाळल्यावर खडूसारखा झडतो. पाण्यात पूड घालायची, पुडीत पाणी नाही.

वायर : अमेरिकन १४ नंबर म्हणजे २.०८ चौरस मिलिमीटर, आपण २.५ घ्यावी. १६ नंबर १.३१ भरते, त्याला आपली १.५ चालते. रुळाला जोडायची २२ नंबरची बारीक वायर ०.३३ असते, त्याला ०.५ पुरते. घरातल्या वायरिंगची मल्टिस्ट्रँड वायर चालते. लाल-काळा रंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर टेबलाखाली झोपून शॉर्ट शोधावं लागेल.

आणि तिकडून पॉवर पॅक आलाच तर प्लग बदलून भिंतीत घालू नका. त्यावर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं. आपल्या २३० व्होल्टवर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. लेबलवर १००-२४० असेल तरच थेट लावा.

प्रश्न : पावसाळ्यात गुळगुळीत कागदाचे अंक भिजले आणि वाळल्यावर विटेसारखे घट्ट झाले. पानं सुटतील का? पुढे जपावं कसं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वाळून घट्ट झालेली पानं सहसा सुटत नाहीत. अशा कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. तो भिजला की खळीसारखा होतो, आणि वाळला की दोन पानं एक. वाफ देऊन ओढलं तर चित्राचा थर निघून समोरच्या पानाला चिकटतो. त्या अंकांवर वेळ घालवू नका.

पुन्हा भिजले तर पहिले काही तासच महत्त्वाचे. उन्हात टाकू नका. एकेका पानामध्ये टिश्यू किंवा कोरा पातळ कागद घालून पंख्याखाली ठेवा आणि कागद बदलत राहा. अंक जास्त असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेला कागद चिकटत नाही, सवडीने एकेक काढून वाळवता येतो.

जपण्यासाठी : अंक एप्रिल-मे मध्ये, हवा त्या मानाने कोरडी असताना कपाटात भरा, सोबत अर्ध्या किलोची सिलिका जेलची पुरचुंडी, आणि पावसाळाभर कपाट उघडझाप करू नका. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा कामाला येतं. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे. पातळ अंक नुसते उभे ठेवले तर कमरेत वाकतात, म्हणून बॉक्स फाइलमध्ये भरा, पण कोंबू नका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद आम्लधर्मी असतो, शेजारच्या पानांना पिवळं करतो. कसरीसाठी डांबरगोळ्या फडक्यात बांधून, कागदाला न लावता आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.

गंजलेल्या पिना मधल्या पानातून बोथट सुरीने सरळ करून काढा. मग घडीवर तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या बाजूने मधलं भोक सोडून खालच्या भोकातून बाहेर, बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत. दोन्ही टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. सुती दोरा घ्या. नायलॉनचा कागद कापतो.

प्रश्न : नेरळ-माथेरानची गाडी करायची आहे. मासिकांत तयार आराखडा मिळेल का? स्केल कोणतं घेऊ? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तयार आराखड्याची वाट बघू नका. दोन फुटी गेजवरचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) लेख मात्र वाचा, वेल्स आणि अमेरिकेतल्या मेन राज्यात तसे मार्ग होते. पेकोचंच कॉन्टिनेंटल मॉडेलर ब्रिटनबाहेरच्या रेल्वेंना वाहिलेलं आहे, जुने अंक मिळाले तर घ्या.

दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. ओओमध्ये ते ८ मिलिमीटर येतं, एचओमध्ये ७. बाजारात एन गेजचा ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. म्हणून ओओ स्केल आणि ९ मिलिमीटर रूळ ही जोडी, लोक तिला ओओ-नाइन म्हणतात. चूक फक्त एक मिलिमीटरची. एनचे साधे रूळ घेतलेत तर स्लीपर फार जवळजवळ दिसतील. मधले एकाआड एक कापून काढा, किंवा नॅरोगेजचे म्हणून वेगळे मिळतात ते घ्या. पेकोच्या तयार वळणाची त्रिज्या ९ इंच आहे, म्हणजे दोन फुटी फळीवरही पूर्ण वळण बसतं.

चढाबाबत मूळ मार्गाची नक्कल करू नका. माथेरानचा चढ २० ला १ आहे, म्हणजे ५ टक्के. हलकी छोटी इंजिनं त्यावर दोन डबे घेऊन घसरतात, वळणावर तर लवकरच. ४० ला १ ठेवा आणि उतार खडा दिसण्यासाठी मागचा डोंगर उभा करा. बोर घाटातला मोठा मार्गसुद्धा ३७ ला १ आहे. कोथरूडमध्ये १९९८ पासून जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे जाताना खिशात मोजपट्टी ठेवा आणि हालणारी गाडी वळणावर कशी वागते ते बघून घ्या. फळी कापायच्या आधी रुळाची कागदी प्रत पूर्ण आकारात काढून जमिनीवर पसरा. वळण बसलं की त्यावर एक डबा हाताने ढकलून बघा, डब्याचं पोट आतल्या बाजूला आणि टोकं बाहेरच्या बाजूला किती येतात ते पेन्सिलीने आखा, आणि बोगद्याची रुंदी त्या रेघांवरून ठरवा.